'द वर्ल्ड ॲट वॉर'चा वाळवंटाचा भाग: रोमेल दिसतो, बाकीचे कुठे आहेत?

गडकोट

'द वर्ल्ड ॲट वॉर' ही जुनी ब्रिटिश मालिका इथे बऱ्याच जणांनी पाहिली असेल. ज्यांनी नाही पाहिली त्यांच्यासाठी थोडक्यात: थेम्स टेलिव्हिजनची निर्मिती, १९७३-७४ साली ब्रिटनमध्ये दाखवली, २६ भाग, निर्माता जेरेमी आयझॅक्स, निवेदन लॉरेन्स ऑलिव्हिएचं आणि संगीत कार्ल डेव्हिसचं. मला ही मालिका मनापासून आवडते हे आधीच सांगून ठेवतो. नट घेऊन प्रसंग उभे केलेले नाहीत, त्या काळात चित्रित झालेली फिल्म आणि जे तिथे प्रत्यक्ष होते त्यांच्या मुलाखती, बस. तेव्हा हे लोक पन्नाशी-साठीत होते, आठवणी ताज्या होत्या, आज कुणी ठरवलं तरी अशी मालिका होणार नाही.

या आठवड्यात आठवा भाग पुन्हा पाहिला, 'द डेझर्ट', उत्तर आफ्रिका १९४० ते १९४३. आणि नेहमीसारखंच काहीतरी राहून गेल्यासारखं वाटलं. डिसेंबर १९४० मध्ये ब्रिटिश पुढे जातात, इटालियन सैन्याची दाणादाण, मग फेब्रुवारी १९४१ मध्ये जर्मन सेनापती रोमेल लिबियात त्रिपोलीला उतरतो आणि एप्रिलपर्यंत तोब्रुकचं बंदर सोडून सगळं परत घेतो, नोव्हेंबरात ब्रिटिश परत पुढे, जानेवारी १९४२ मध्ये रोमेल परत पुढे, जूनमध्ये तोब्रुकही पडतं, जुलैत इजिप्तमधल्या अलामेनला सगळं थांबतं आणि शेवटी ऑक्टोबर-नोव्हेंबरात निकाल लागतो. ही ये-जा सेनापतींच्या हुशारीमुळे होत होती की त्यामागे दुसरंच काही होतं? ५२ मिनिटांत रोमेल एवढा मोठा दिसतो की दुसरं काही विचारावंसंच वाटत नाही.

आणि दुसरं म्हणजे, चौथी भारतीय डिव्हिजन या मोहिमेत सिदी बरानीपासून ट्युनिशियापर्यंत होती, तरी एका भारतीय शिपायाची मुलाखत मला त्यात दिसली नाही. हे मला खटकतं. तुमचं मत सांगा.

चहाबाज

पहिल्या प्रश्नाचं उत्तर दोन शब्दांत, पेट्रोल आणि पाणी.

कोरडवाहू

चहाबाज बरोबर सांगताहेत, फक्त जरा फोड करून सांगतो कारण गंमत तिथेच आहे.

नकाशा काढून बसा. त्रिपोली ते बेनगाझी साधारण हजार किलोमीटर. बेनगाझीहून तोब्रुक आणखी साडेचारशेच्या आसपास. तोब्रुकपासून अलामेन पुन्हा पाचशेच्या वर. म्हणजे रोमेल अलामेनला पोचला तेव्हा त्याचं मुख्य बंदर दोन हजार किलोमीटर मागे, मध्ये किनाऱ्याने जाणारा एकच डांबरी रस्ता, आणि त्या रस्त्यावर ब्रिटिश विमानं. बेनगाझी आणि तोब्रुक ही मधली बंदरं हातात होती पण त्यांची माल उतरवायची ताकद कमी आणि बॉम्बहल्ले रोजचे. ट्रक पेट्रोल घेऊन निघायचा आणि पोचेपर्यंत त्यातलं बरंचसं स्वतःच पिऊन टाकायचा. ब्रिटिशांचं नेमकं उलट, ते अलामेनला होते तेव्हा अलेक्झांड्रिया शंभरेक किलोमीटर मागे, रेल्वे थेट पाठीशी. पण तेच ब्रिटिश फेब्रुवारी १९४१ मध्ये बेडा फोमला पोचले तेव्हा त्यांची गाडी तशीच दमलेली होती. जो पुढे जायचा तो दुबळा व्हायचा आणि जो मागे हटायचा तो आपल्या गोदामाजवळ जायचा. ही ये-जा मला तरी यातच दिसते.

त्यात माल्टाची भर. ते छोटं बेट ब्रिटिशांकडे राहिलं म्हणून इटलीहून निघालेली जहाजं बुडत राहिली. ऑगस्ट १९४२ मध्ये तेलाचं जहाज 'ओहायो' अक्षरशः दोन्ही बाजूंनी दुसऱ्या जहाजांना बांधून माल्टाच्या बंदरात आणलं, १५ ऑगस्टला. वाळवंटातल्या लढाईचा निकाल असा समुद्रात लागत होता.

नीलमोहर

+१. वा, हा प्रतिसाद वाचून भाग पुन्हा बघावासा वाटला. वाखुसा (वाचनखूण साठवली).

चहाबाज

@कोरडवाहू, पेट्रोलच्या डब्यांवर एक परिच्छेद व्हायलाच हवा. ब्रिटिश सुरुवातीला पातळ पत्र्याचे चौकोनी डबे वापरायचे, चार गॅलनचे, त्यांना 'फ्लिम्झी' म्हणत. खडबडीत रस्त्याने ट्रक हादरला की ते डबे गळायचे आणि काही वेळा तीसेक टक्के पेट्रोल वाटेतच वाळूत जायचं. जर्मनांचा कॅन दोन अर्ध्या पत्र्यांना वेल्ड करून केलेला, तीन हँडलचा, वीस लिटरचा, गळत नाही, एका माणसाला दोन भरलेले उचलता येतात. ब्रिटिश सैनिक सापडतील तिथून ते जर्मन कॅन उचलायला लागले आणि पुढे ब्रिटन-अमेरिकेने त्याचीच नक्कल काढली. आज आपल्याकडे जीपच्या मागे जो कॅन लावतात तो हाच.

आणि त्या गळक्या फ्लिम्झीचा एकच चांगला उपयोग. डबा मधोमध कापायचा, खालच्या अर्ध्यात वाळू भरायची, त्यावर पेट्रोल ओतायचं, काडी लावायची, वरच्या अर्ध्यात पाणी ठेवायचं. याला 'बेनगाझी बर्नर' म्हणायचे. पंधरा मिनिटांत चहा. पाणी खारट, वास पेट्रोलचा, तरी दिवसातला तोच एक सुखाचा क्षण असायचा असं कितीतरी सैनिकांनी लिहून ठेवलंय.

टेकाड

कुठलाही धागा असो, चहाबाज चहापर्यंत पोचणारच :)

चहाबाज

युद्धही तिथेच पोचतं हो टेकाडभाऊ.

अनुस्वार

धागाकर्त्याच्या पहिल्या प्रश्नात एक मोठी गोष्ट राहतेय. ही मालिका ऑक्टोबर १९७३ ते मे १९७४ मध्ये दाखवली गेली. ब्रिटिशांनी जर्मन एनिग्मा यंत्राचे संदेश फोडले होते, ज्याला 'अल्ट्रा' म्हणत, ही गोष्ट सर्वसामान्य लोकांसमोर आली १९७४ मध्ये. म्हणजे हा भाग तयार झाला तेव्हा निवेदनात ते येणं शक्यच नव्हतं. ज्यांना माहीत होतं ते मुलाखतीत बोलू शकत नव्हते. आता परत बघा. माल्टाच्या विमानांना जहाज नेमकं कुठे सापडतं? ऑगस्टच्या शेवटी आलम हल्फाला रोमेल दक्षिणेकडून येणार हे ब्रिटिश सेनापती माँटगोमेरीला एवढं ठाम कसं माहीत असतं? भागात ते सेनापतीच्या दूरदृष्टीसारखं दिसतं. दूरदृष्टी होतीच, त्याच्या आधीचा सेनापती ऑकिनलेक याच्या लोकांनीही तिथे तयारी करून ठेवली होती, पण समोरच्याची पत्रं वाचायला मिळत होती हेही तितकंच खरं.

आणि हे एकतर्फी नव्हतं. कैरोतला अमेरिकन लष्करी अटॅशे बॉनर फेलर्स वॉशिंग्टनला सविस्तर अहवाल पाठवायचा, ब्रिटिशांची कुठली तुकडी कुठे, रणगाडे किती, सगळं. त्याचा सांकेतिक कोड इटालियनांनी रोमच्या वकिलातीतून चोरला होता. जून १९४२ च्या शेवटापर्यंत रोमेलला हे अहवाल वाचायला मिळत होते. मग तो कोड बदलला, आणि १० जुलैला तेल एल ईसाला ऑस्ट्रेलियन सैनिकांनी रोमेलची रेडिओ ऐकणारी कंपनीच पकडली. रोमेलची 'जादू' त्याच जुलैत ओसरायला लागली, हा माझ्या मते योगायोग नाही.

गडकोट

अनुस्वार, हे फार मोलाचं लिहिलंत. निर्मितीच्या वर्षाचा असा विचार केलाच नव्हता मी. म्हणजे मालिका जे सांगत नाही त्यातलं काही सांगणं शक्यच नव्हतं म्हणून राहिलंय.

फिल्लमवेडी

थोडं वेगळं बोलते. गडकोट म्हणतात प्रसंग उभे केलेले नाहीत. मालिकेने नाही केले, पण जुन्या फिल्मचं काय? अलामेनवर ब्रिटिश आर्मी फिल्म युनिटने १९४३ मध्ये 'डेझर्ट व्हिक्टरी' नावाचा माहितीपट केला, त्याला ऑस्करही मिळालं. त्यातले रात्रीच्या हल्ल्याचे काही जवळून घेतलेले शॉट इंग्लंडात पाइनवूड स्टुडिओत घेतले होते. रात्रीच्या अंधारात त्या काळच्या कॅमेऱ्याने काय दिसणार हो? तसंच धुरातून संगीन रोखून पळणाऱ्या सैनिकांचा तो प्रसिद्ध फोटो, लेन चेटविनचा, तोही मुद्दाम घडवून घेतलेला. गेल्या ऐंशी वर्षांत वाळवंटाच्या युद्धावर जे जे माहितीपट झाले त्यात हे तुकडे कुठे ना कुठे येतात.

आणि आवाज. त्या काळचं बहुतेक रणांगणातलं चित्रण मुकं आहे. तोफेचा धमाका, रणगाड्याची खडखड, हे सगळं नंतर स्टुडिओत लावलेलं असतं. मालिकेची निष्ठा मोठी आहेच, मी पण चाहती आहे, पण डोळ्यांनी पाहिलं म्हणजे जसंच्या तसं घडलं असं धरून चालू नये.

पेट्रोलपंप

वाळवंट आणि टीव्ही म्हटलं की मला 'रॅट पॅट्रोल' आठवते!! १९६६-६८ ची अमेरिकन मालिका, दोन जीप, वर मशीनगन, वाळूच्या टेकडीवरून जीप हवेत उडते आणि थेट जर्मनांच्या ताफ्यात. अर्ध्या तासाचा एकेक भाग. मला परदेशी नोकरीत असताना एका सहकाऱ्याने त्याच्या सगळ्या डिस्क दिल्या होत्या, आम्ही रविवारी बसून बघायचो. इतिहास नाही त्यात काही पण मजा भरपूर. ब्रिटनमध्ये मात्र लोक भयंकर चिडले, कारण नायक जवळजवळ सगळे अमेरिकन आणि ब्रिटिश एकच. तक्रारी इतक्या आल्या की बीबीसीने काही भाग दाखवून मालिका बंद केली.

कोरडवाहू

चिडणं स्वाभाविकच होतं, कारण ज्यांच्यावरून ती कल्पना घेतली ती लाँग रेंज डेझर्ट ग्रुप वेगळीच माणसं होती. राल्फ बॅगनोल्ड नावाच्या अधिकाऱ्याने १९४० च्या उन्हाळ्यात उभी केली. हा माणूस युद्धाआधी स्वतःच्या पैशाने मोटारी घेऊन लिबियाच्या वाळूत फिरायचा. वाळूचे कण वाऱ्याने कसे सरकतात, टेकड्या कशा बनतात यावर त्याने १९४१ मध्ये लिहिलेलं पुस्तक पुढे मंगळावरच्या वाळूच्या अभ्यासातही वापरलं गेलं. ट्रकच्या लोखंडामुळे साधं होकायंत्र चुकतं म्हणून त्याने सूर्याच्या सावलीवर चालणारा कंपास केला. रेडिएटरचं पाणी उकळून वाफ वाया जाऊ नये म्हणून बाजूला एक डबा लावून ती वाफ परत थंड करून घ्यायची. त्यांचं मुख्य काम मारामारी नव्हतंच, शत्रूच्या शेकडो किलोमीटर मागे किनारी रस्त्याजवळ लपून बसायचं आणि जाणारा प्रत्येक ट्रक मोजायचा. दिवसेंदिवस. उन्हात. टीव्हीवर हे कोण बघणार, म्हणून जीप उडवावी लागते.

सुरुवातीला न्यूझीलंडचे लोक जास्त होते, शेतावर गाड्या दुरुस्त करायची सवय असलेले. पुढे एक इंडियन लाँग रेंज स्क्वॉड्रनही उभी राहिली, आपल्या घोडदळाच्या रेजिमेंटांतली माणसं घेऊन. गडकोट, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतोय मी हळूहळू.

रोखठोक

दुसऱ्या प्रश्नावर मी धागाकर्त्याशी सहमत नाही. मालिका ब्रिटिशांनी ब्रिटिश प्रेक्षकांसाठी केली. ५२ मिनिटं आहेत. बीर हकीमला फ्री फ्रेंच दोन आठवडे लढले, त्यांना किती वेळ मिळाला? न्यूझीलंडच्या डिव्हिजनने केवढी किंमत मोजली. तोब्रुकच्या वेढ्यात पोलिश होते. आणि ज्यांच्या घराअंगणात हे सगळं झालं त्या लिबियन बेदुइनांचं तर कुणी नावही काढत नाही. सगळ्यांनाच कमी वेळ मिळाला. प्रत्येक ठिकाणी 'आपलं कुठे' विचारत बसलो तर मूळ विषय राहतो बाजूला. आपण आपली मालिका करावी की.

माणदेशी

रोखठोक, तुमचं सगळं पटलं तरी मला लिहायचंय, कारण माझ्यासाठी हा प्रश्न टीव्हीपुरता नाही.

माझे आबा, म्हणजे आजोबा, मराठा लाइट इन्फंट्रीच्या दुसऱ्या बटालियनमध्ये होते, २/५ मराठा. जून १९४२ मध्ये तोब्रुकला अकराव्या भारतीय ब्रिगेडमध्ये तीन बटालियन होत्या, २/५ मराठा, कॅमरून हायलँडर्स आणि २/७ गुरखा. आग्नेय बाजूचा पट्टा त्यांच्याकडे. २० जूनला पहाटे रोमेलने नेमका मराठ्यांच्या समोरचा तुकडा निवडला. स्टुका विमानं लाटेवर लाट, तोफा, मग सुरुंग काढणारे, मग रणगाडे. दुपारपर्यंत फळी फुटली, दुसऱ्या दिवशी, २१ तारखेला, तोब्रुकच्या सेनापतीने, क्लॉपरने, शरणागती दिली. तेहतीस हजारांच्या आसपास माणसं कैद झाली. चर्चिल तेव्हा वॉशिंग्टनमध्ये रूझवेल्टच्या खोलीत होता, तिथे त्याला ही बातमी कळली, हे सगळ्या माहितीपटांत येतं.

आबा युद्धाबद्दल फार बोलायचे नाहीत, पण कुणी 'फळी मराठ्यांकडे फुटली' असं म्हटलं की ताडकन उठायचे. त्यांचं म्हणणं असं की १९४१ मध्ये ऑस्ट्रेलियनांनी जे तोब्रुक लढवलं ते हे तोब्रुक राहिलंच नव्हतं. रणगाडे अडवायचे खंदक वाळूने बुजलेले, सुरुंग उपसून तोब्रुकच्या पश्चिमेला गझालाच्या फळीवर नेलेले, आणि लढायचं की सोडून द्यायचं हे वरच्यांचं शेवटपर्यंत ठरलेलं नव्हतं. नंतर मी वाचायला लागलो तेव्हा ब्रिटिश इतिहासकारांनीही हेच लिहिलेलं दिसलं. एका बटालियनच्या पट्ट्यावर जर्मनांनी आपली जवळजवळ सगळी ताकद लावली होती. तिथे कोण टिकलं असतं ते मला सांगा.

कैद झाल्यावर इटलीत नेलं, आवेझ्झानोच्या छावणीत भारतीय कैदी ठेवायचे तिथे. सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीने शरणागती दिली तेव्हा पहारेकरी पांगले आणि हे डोंगरात निघून गेले. तिथल्या शेतकऱ्यांनी लपवलं, खाऊ घातलं. आबांना शेवटपर्यंत मोडकी-तोडकी इटालियन यायची, गावात कुणाला खरं वाटायचं नाही.

म्हणून मला त्या भागात कुणीतरी एक भारतीय चेहरा बोलताना हवा होता. १९७३ मध्ये आबा धट्टेकट्टे होते हो, आमच्या मळ्यात मोटेच्या जागी नवीन इंजिन बसवत होते. विचारायला कुणी आलं असतं तर सांगितलं असतं त्यांनी.

नीलमोहर

माणदेशी, काय लिहिलंत. आबांबद्दल वेगळा धागा काढाच, विनंती आहे.

रोखठोक

माणदेशी, तुमच्या आबांना नमस्कार. खंदक आणि सुरुंगांची माहिती मला नवीन आहे. मालिकेच्या लांबीबद्दलचं माझं मत तेच आहे, पण १९७३ मध्ये हे लोक हयात होते आणि विचारता आलं असतं, हा मुद्दा वजनदार आहे, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

कोरडवाहू

माणदेशींच्या प्रतिसादानंतर लिहायला संकोच वाटतो, पण भारतीय फौजेचा धागा पूर्ण करतो.

९ डिसेंबर १९४० ला पहाटे निबेवाच्या इटालियन छावणीवर पहिला घाव घातला तो याच अकराव्या भारतीय ब्रिगेडने, मटिल्डा रणगाड्यांबरोबर. तिथून सुरू झालेल्या मोहिमेत ३६ हजारांच्या आसपास फौजेने दोन महिन्यांत सव्वा लाखाच्या वर कैदी पकडले. पण सिदी बरानी पडल्या पडल्या चौथी भारतीय डिव्हिजन तिथून काढून सुदानला पाठवली आणि तिच्या जागी ऑस्ट्रेलियन आले. म्हणून बार्दिया, तोब्रुक, बेडा फोमच्या चित्रणात भारतीय दिसत नाहीत. ते तेव्हा एरिट्रियात केरेनच्या डोंगरात होते, आणि ती लढाई फार वाईट होती, उभे कडे, वर इटालियन, खाली पाणी नाही. तिथे मराठा बटालियनही होत्या. 'बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय' ही युद्धघोषणा रेजिमेंटने त्याच मोहिमेत उचलली असं सांगतात.

१ जुलै १९४२, देर एल शीन. माझ्या मते पूर्ण वाळवंटातला सर्वांत विसरलेला दिवस. इराकहून घाईने आणलेली अठरावी भारतीय ब्रिगेड, नीट खणायलाही वेळ मिळाला नव्हता. रोमेल अलामेनची फळी तोडायला निघाला होता, हाताशी फक्त ५५ रणगाडे. ब्रिगेड संध्याकाळपर्यंत लढली आणि संपली. पण रोमेलचे १८ रणगाडे गेले आणि एक अख्खा दिवस गेला. तो दिवस त्याला परत मिळाला नाही. ऑक्टोबरच्या मोठ्या लढाईवर सगळे बोलतात, पण इजिप्त वाचलं ते जुलैत, आणि त्यात हा दिवस आहे.

पुढे ऑक्टोबरच्या लढाईत चौथ्या भारतीय डिव्हिजनला रुवेसातच्या कड्यावर फळी धरून ठेवायला सांगितलं आणि नंतरच्या पाठलागातही मागेच ठेवलं. ट्युनिशियात मात्र परत पुढे. एप्रिल १९४३ मध्ये राजपुताना रायफल्सचे कंपनी हवालदार-मेजर छेलू राम जेबेल गार्सीला पडले, त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. आणि मे महिन्यात जर्मन सेनापती फॉन आर्निम जेव्हा हाती आला तेव्हा समोर चौथी भारतीय डिव्हिजनच होती. म्हणजे पहिला घाव आणि शेवटची शरणागती, दोन्हीकडे हीच माणसं.

टेकाड

मराठा रेजिमेंटमधले व्हिक्टोरिया क्रॉसवाले यशवंत घाडगे पण आफ्रिकेतलेच का? माणगावला पुतळा पाहिलाय.

कोरडवाहू

नाही, ते इटलीत, १० जुलै १९४४, टायबर नदीच्या खोऱ्यात. वाळवंट संपल्यावर याच फौजा इटलीत गेल्या. नामदेव जाधव यांचा क्रॉसही इटलीतलाच, एप्रिल १९४५.

सोनकी

अवांतर विचारते, सुभाषबाबूंनी जर्मनीत जी फौज उभी केली ती याच कैद्यांतून ना?

अनुस्वार

हो, उत्तर आफ्रिकेत पकडलेल्या भारतीय कैद्यांतून. नेताजी एप्रिल १९४१ मध्ये बर्लिनला पोचले आणि त्याच महिन्यात मेचिलीला तिसरी भारतीय मोटर ब्रिगेड रोमेलच्या हाती लागली. त्यांच्यातल्या काहींना जर्मनीत अन्नाबुर्गच्या छावणीत आणलं. काही सामील झाले, पुष्कळांनी नकार दिला. दोन्ही बाजूंच्या माणसांनी विचार करूनच ठरवलं होतं, त्यामुळे यावर इथे निकाल देऊ नये असं मला वाटतं. स्वतंत्र धागा व्हावा.

वाळूकाठ (दुबई)

मी अलामेनला जाऊन आलेय म्हणून लिहिते. अलेक्झांड्रियाहून पश्चिमेला गाडीने जायचं, एका बाजूला समुद्रकिनाऱ्यावरचे नवे रिसॉर्ट आणि दुसऱ्या बाजूला ते. कॉमनवेल्थ दफनभूमीत सात हजारांच्या वर थडगी आहेत, रांगाच रांगा. बहुतेक पर्यटक तिथून फोटो काढून परत फिरतात. पण आग्नेय कोपऱ्यात एक वेगळं स्मारक आहे, ज्यांचं त्यांच्या धर्माप्रमाणे दहन केलं त्यांचं, सहाशेहून जास्त नावं. तिथे मी नावं वाचत उभी राहिले तेव्हा गाइडने विचारलं तुमचं कुणी आहे का. मी हो म्हणाले. नातं कुठलंच नव्हतं, पण नाही कसं म्हणणार?

आणि रोखठोक यांनी बेदुइनांचा उल्लेख केला तो मला फार महत्त्वाचा वाटला. अलामेनच्या आसपास दोन्ही बाजूंनी लाखो सुरुंग पेरले होते, जर्मनांच्या सुरुंगांच्या पट्ट्यांना 'सैतानाची बाग' म्हणायचे. त्यातले कितीतरी अजून जमिनीत आहेत. मेंढ्या चारणाऱ्या लोकांचे हातपाय गेलेत, युद्ध संपून इतकी वर्षं झाल्यावर. आमच्या ड्रायव्हरने रस्ता सोडून दहा पावलंही जाऊ दिलं नाही.

फिल्लमवेडी

हे वाचून वाटतं की त्या भागात मोकळं वाळवंट, शहरं नाहीत, नागरिक नाहीत, म्हणून ते युद्ध 'स्वच्छ' होतं असा जो सूर लागतो तोच तपासायला हवा. नागरिक कमी होते, नव्हते असं नाही.

अनुस्वार

फिल्लमवेडी, शंभर टक्के. आणि रोमेलचा 'सभ्य शत्रू' हा पुतळा त्याच सुरावर उभा आहे. १९४२ मध्ये खुद्द चर्चिलने संसदेत त्याची तारीफ केली, युद्धानंतर ब्रिटिशांनी त्याच्यावर पुस्तकं लिहिली, हॉलिवूडने सिनेमा काढला. हरवणारा मोठा होता म्हटलं की आपलं हरणंही शोभतं आणि नंतरचं जिंकणंही. मालिकेत हा प्रभाव थोडा आहेच. माणूस धाडसी होता, रणांगणावर पटकन निर्णय घ्यायचा, यात वाद नाही. पण आपण कुठवर पोचू शकतो याचा हिशोब त्याने दर वेळी पुरवठा अधिकाऱ्यांवर ढकलला, आणि माल्टा घ्यायच्या आधीच इजिप्तकडे धाव घेतली.

रोखठोक

मग माँटगोमेरीचं काय? त्याने तर पुरवठ्याचा हिशोब केला म्हणूनच जिंकला. लोक त्याला सावध म्हणून हिणवतात.

कोरडवाहू

माझं मत: ऑकिनलेकने जुलैत थांबवलं, माँटगोमेरीने ऑक्टोबरात तोडलं, दोन्ही कामं वेगळी होती आणि दोघांनी आपापलं केलं. ऑकिनलेक मूळचा भारतीय सैन्यातला, पंजाबी पलटणीतला, त्याला ऑगस्टमध्ये काढलं आणि पुढे तो भारतात सरसेनापती झाला. माँटगोमेरीला ती जागा मिळाली तीही गॉट नावाच्या सेनापतीचं विमान ७ ऑगस्टला पाडलं गेलं म्हणून. त्याच्या हाती अमेरिकेचे तीनशे शेरमन रणगाडे आले, तेच जे तोब्रुक पडल्याच्या बातमीनंतर रूझवेल्टने देऊ केले होते. उत्तरेला समुद्र, दक्षिणेला कत्तारा खोलगट भाग, मध्ये साठ-पासष्ट किलोमीटर, वळसा घालून जायला जागाच नाही. तिथे समोरून, जवळजवळ नऊशे तोफा लावूनच तोडावं लागणार होतं. आणि २३ ऑक्टोबरला हल्ला सुरू झाला तेव्हा रोमेल आजारपणाच्या रजेवर युरोपात होता, बदली सेनापती श्टुमं दुसऱ्याच दिवशी हृदयविकाराने गेला.

म्हणजे गडकोट, तुमचं उत्तर: सेनापतींचा वाटा आहे, पण आधी अंतर, मग समुद्र, मग कोण कुणाचे संदेश वाचतोय, आणि मग सेनापती. हा माझा क्रम.

चहाबाज

आणि गळका डबा? तो कुठे बसतो क्रमात?

कोरडवाहू

अंतराच्या लगेच मागे :)

गडकोट

सगळ्यांचे आभार. माझा क्रम कोरडवाहूंपेक्षा थोडा वेगळा आहे, मी संदेश फोडणं समुद्राच्या आधी धरेन, कारण जहाज कुठे आहे ते कळल्याशिवाय माल्टाची विमानं तरी काय करणार. पण दुसऱ्या प्रश्नावर मी अजून ठाम आहे. माणदेशींचे आबा १९७३ मध्ये मळ्यात होते आणि कुणी विचारलं नाही, हे मला पटत नाही, मालिका कितीही थोर असली तरी.

पुढच्या आठवड्यात चौदावा भाग घेऊया का, ब्रह्मदेशाचा? तिथे आपली माणसं किती दिसतात ते सगळ्यांनी बघून या.

माणदेशी

चालेल. तोवर आबांचं डिस्चार्ज पुस्तक सापडतंय का बघतो, काकांकडच्या पेटीत आहे म्हणतात. त्यांचा क्रमांक मिळाला की बेळगावला रेजिमेंटल सेंटरला पत्र टाकणार आहे. कुणी असं पत्र पाठवलं असेल तर काय काय लिहावं लागतं ते सांगा.

टेकाड

माझ्या मामांनी पाठवलं होतं. क्रमांक, बटालियन, भरतीचं वर्ष आणि गाव, एवढं नक्की लिहा. गावाचं नाव तेव्हाच्या तालुक्यासकट लिहा, जुन्या नोंदीत तसंच असतं. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो सविस्तर.